पडद्यावरचा शेजारी आणि बांकावरचा शेजारी



गतवर्षीं आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची तयारी चालली असतां एक लहानसा प्रसंग घडला. आठव्या इयत्तेंतील मुलांनीं स्वतःच एक विनोदी नाट्यप्रवेश लिहून आणिला होता. देखावा एका चाळीचा होता. चाळींत एक मद्यपी अँथनी होता, 'अय्यो, अय्यो' करीत फिरणारा एक मद्रासी होता, कवडीचुंबक मारवाडी शेट होता, आणि दाराशीं सलाम ठोकीत उभा असलेला बहादूर नांवाचा एक गुरखा होता. प्रवेश चटपटीत होता. मुलें हंसलीं, आणि खरें सांगावयाचें तर मीहि हंसलों. पात्रांची वांटणी करतांना गुरख्याचें काम कोणाला द्यावें, याचा कोणालाच विचार करावा लागला नाहीं. वर्गांत एक नेपाळी मुलगा आहे. त्याचे वडील जवळच्याच एका वसाहतींत रात्रीच्या पहाऱ्याचें काम करितात. "हा तर तयारच आहे, ह्याला रंगहि लावायला नको," असें कोणी तरी म्हणालें. पुन्हां हंशा पिकला. तो मुलगाहि थोडासा हंसला.

दुसऱ्या दिवशीं तो शाळेंत आला नाहीं. तिसऱ्या दिवशींहि आला नाहीं. चौथ्या दिवशीं सकाळीं त्याचे वडील पहारा आटोपून तसेच मला भेटावयास आले. ते रागावले नव्हते. स्वच्छ मराठींत ते मला म्हणाले, "सर, माझें नांव बहादूर नाहीं. वीस वर्षें लोक मला त्याच नांवानें हांक मारितात. त्याचें मला आतां कांहीं वाटत नाहीं. पण पोराला तरी त्याच्या स्वतःच्या नांवानें हांक मारावी, म्हणून मी त्याला शाळेंत घातलें."

मला उत्तर सुचलें नाहीं. कारण त्या दिवशीं वर्गांत मी शिक्षक म्हणून उभा होतों, आणि तरीहि हंसलों होतों.

तेव्हांपासून एक प्रश्न माझ्या मनांत घोळत राहिला. आमच्या मुलांना हीं माणसें भेटलीं कोठें? त्यांच्यापैकीं कित्येकांनीं चाळ पाहिलेली नाहीं. मद्रासहून आलेला गृहस्थ त्यांच्या घरीं कधीं जेवावयास बसलेला नाहीं. तरी अँथनीनें कसें झिंगावें आणि मद्राशानें कोणत्या सुरांत बोलावें, हें त्यांना न शिकवितां येत होतें. उत्तर उघड आहे. हीं सर्व माणसें त्यांनीं हिंदी चित्रपटांत पाहिलीं होतीं. आणि मींहि तीं माझ्या लहानपणीं दूरदर्शनवर तेथेंच पाहिलीं होतीं. पिढी बदलली, पडदा भिंतीवरून घरांत आला आणि घरांतून मोबाईलच्या रूपानें तळहातावर आला. परंतु पडद्यावरचीं माणसें फारशीं बदललीं नाहींत. असें कां व्हावें, आणि त्यापासून आपलें काय नुकसान होतें, याचा थोडा विचार या लेखांत करावयाचा आहे.

प्रथम कारणें पाहूं. आपल्या देशांतील पहिला संपूर्ण कथापट म्हणून मान्यता पावलेला दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट ३ मे १९१३ रोजीं मुंबईंत गिरगांवच्या कॉरोनेशन चित्रपटगृहांत लोकांपुढें आला. मूकपटाला भाषेची अडचण नव्हती. मधल्या पाट्यांवरील मजकूर बदलला कीं तोच पट कोणत्याहि प्रांतांत चाले. पुढें १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्याच मॅजेस्टिक चित्रपटगृहांत अर्देशिर इराणी यांचा 'आलम आरा' हा बोलपट झळकला आणि चित्राला वाचा फुटली. वाचा फुटतांच प्रश्न उभा राहिला कीं, बोलावयाचें कोणाच्या भाषेंत? मराठी, बंगाली, तमिळ बोलपट आपापल्या प्रांतापुरते निघूं लागले. हिंदी बोलपटाला मात्र पेशावरपासून कलकत्त्यापर्यंतचा प्रेक्षक हवा होता, आणि तो तयार तर होत होता मुख्यतः मुंबईंत, जेथें आजूबाजूची भाषा मराठी व गुजराती होती.

अशा चित्रपटाचा नायक कसा असावा? तो पंजाब्यालाहि आपला वाटला पाहिजे आणि बिहाऱ्यालाहि. म्हणून त्याला विशेष असें गांव राहिलें नाहीं. त्याचें नांव विजय किंवा राज असें सुटसुटीत असतें. त्याचें आडनांव पुष्कळदां आपणांस कळतहि नाहीं. तो कोणत्या जिल्ह्यांतला, त्याच्या घरीं कोणती बोली बोलतात, सणाला काय रांधतात, हें सहसा कोणी सांगत नाहीं. गांव, बोली आणि वेष हीं ज्याला ठळकपणें दिलीं जातात, तो बहुधा दुय्यम मनुष्य असतो. तो नायकाचा मित्र, नोकर, घरमालक किंवा शत्रु असतो. म्हणजे जें वैशिष्ट्य आपल्या प्रत्येकाच्या घरीं अभिमानाचें असतें, तें पडद्यावर थट्टेचें चिन्ह होऊन बसलें. बहुतेक ठराविक पात्रांचें मूळ या एका गोष्टींत आहे, असें मला वाटतें.

दुसरें कारण वेळेचें. अडीच तीन तासांत प्रेमकथा, सहा गाणीं, मारामारी आणि आईचें दुःख एवढें सर्व बसवावयाचें असतें. घरमालकाची ओळख करून देण्यास अर्धें मिनिटहि मिळत नाहीं. अशा वेळीं कपाळावर गंधाचे पट्टे, कमरेला लुंगी आणि तोंडीं चमत्कारिक हिंदी दिली कीं काम भागतें. प्रेक्षकाला लगेच समजतें. लेखकाचे दोन प्रवेश वांचतात. हें पाप एकट्या चित्रपटाचें आहे असेंहि नव्हे. संस्कृत नाटकांत विदूषक ठरलेला असे, तमाशांत सोंगाड्या ठरलेला असतो, कोंकणांतील दशावतारांत संकासुर ठरलेला असतो. फरक इतकाच कीं, सोंगाड्या म्हणजे अमुक एका जातीचा किंवा प्रांताचा खरा मनुष्य, असें पाहणारा समजत नाहीं. चित्रपटांतील मनुष्य मात्र खऱ्या रस्त्यावर, खऱ्या घरांत, खऱ्या कपड्यांत दिसतो. म्हणून तो खराच वाटतो.

तिसरें कारण पैशाचें. चित्रपटाला भांडवल मोठें लागतें आणि तें बुडण्याची भीति त्याहून मोठी असते. काल जें चाललें तेंच आज पुन्हां करावें, ही बुद्धि कोणत्याहि व्यापाऱ्याला होते. याचीं उदाहरणें पाहणें मोठें मनोरंजक आहे. बॉम्बे टॉकीजचा 'किस्मत' १९४३ सालीं निघाला. लहानपणीं घर सोडून गेलेला मुलगा शेवटीं आपल्या पित्याला सांपडतो, असें त्याचें कथानक. कलकत्त्यास तो एकाच चित्रपटगृहांत तीन वर्षांहून अधिक काळ चालला. त्यानंतर हरवलेलीं मुलें हिंदी चित्रपटांत किती वेळां सांपडलीं याची गणती करणें कठीण आहे. १९६५ च्या 'वक्त' मध्यें भूकंपानें तीन भावांची ताटातूट होते; १९७३ च्या 'यादों की बारात' मध्यें लहानपणच्या एका गाण्यावरून तीन भाऊ एकमेकांना ओळखतात; १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' मध्यें तीन भावांपैकीं एक हिंदु, एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती घरांत वाढतो, आणि तिघांचें रक्त नकळत एकाच आईच्या उपयोगीं पडतें. कित्येक जण या कथेचें मूळ फाळणींत झालेल्या ताटातुटींत शोधतात. फाळणीनें तिला अधिक करुण अर्थ दिला असेल. परंतु 'किस्मत' फाळणीच्या चार वर्षें आधींचा आहे. मूळ त्याहून जुनें आहे. दुष्यंताला शकुंतलेची ओळख अंगठीनें पटली. आमच्या नायकाला ती ताइतानें किंवा गाण्यानें पटते, एवढेंच.

कधीं कधीं तर कथाच काय, मनुष्यहि तोच राहतो. मेहबूब खान यांनीं १९४० सालीं 'औरत' नांवाचा चित्रपट काढला. सतरा वर्षांनीं तीच कथा वाढवून व रंगीत करून त्यांनीं १९५७ सालीं 'मदर इंडिया' काढला. नायिका बदलली, मुलगे बदलले. पण खेड्यांतील स्त्रीला नाडणारा सुखीलाला सावकार दोन्ही चित्रपटांत कन्हैयालाल या एकाच नटानें उभा केला. काम इतकें उत्तम झालें कीं पुढील कित्येक वर्षें पडद्यावरचा प्रत्येक सावकार त्याच्याच वळणावर बोलला.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेविली पाहिजे. कथा पुन्हां पुन्हां सांगितली तर कोणाचें नुकसान होत नाहीं; आजीची गोष्ट आपण शंभरदां ऐकतों. परंतु माणसाचें चित्र पुन्हां पुन्हां एकाच रीतीनें काढलें तर नुकसान होतें. कारण हरवलेले भाऊ जगांत कोठें नसले तरी चालतें, आणि मद्रासी मात्र खरोखर आपल्या शेजारीं राहत असतो.

१९६८ च्या 'पडोसन' मध्यें मेहमूद यांनीं दाक्षिणात्य संगीतशिक्षकाची भूमिका केली. अभिनय अप्रतिम होता, यांत वाद नाहीं. परंतु त्यानंतर शेंडी, गंध आणि 'अय्यो' ही जणूं दक्षिणेची राजमुद्राच ठरली. तमिळ, तेलुगु, कन्नड आणि मल्याळम या चार भाषा निरनिराळ्या आहेत आणि प्रत्येकीला स्वतःचें समृद्ध वाङ्मय आहे, ही गोष्ट एका 'मद्रासी' शब्दाखालीं पुरली गेली. हीच गति इतरांची. शीख म्हटला कीं तो ट्रक चालवितो व मोठ्यानें हंसतो. पारशी म्हटला कीं तो जुनी मोटर पुसत असतो. नेपाळी म्हटला कीं तो दाराशीं असतो. आणि मराठी मनुष्य? ज्या शहरांत हे चित्रपट तयार होतात, त्याच शहराचा हा रहिवासी. हिंदी पडद्यावर तो पुष्कळदां हवालदार असतो आणि त्याची बायको नायकाच्या घरीं भांडीं घांशीत असते. हें पाहून आपणांस राग येतो. परंतु तोच राग शेजाऱ्याच्याहि मनांत असेल, हें आपल्या ध्यानांत येत नाहीं.

आम्हीं मराठी लोकांनींहि आमच्याच माणसांचे साचे केले आहेत. १९५९ सालचा 'सांगत्ये ऐका' पुण्यास शंभराहून अधिक आठवडे चालला. त्या यशानंतर मराठी चित्रपट वर्षानुवर्षें एकाच गांवांत राहिला. तेथें एक पाटील, एक तमाशाचा फड आणि चावडीवर बसलेले कांहीं रिकामटेकडे लोक एवढीच वस्ती असे. महाराष्ट्रांत गिरण्या होत्या, शाळा होत्या, कोळीवाडे होते, रेल्वेच्या वसाहती होत्या. पडद्यावर मात्र बहुतेक वेळां पाटलाचा वाडाच दिसे.

आतां थोडें माझ्या स्वतःच्या घरचें सांगतों. चित्रपटांतील ख्रिस्ती मनुष्य तुम्हीं पाहिला आहे. तो गोव्याचा किंवा वांद्र्याचा असतो. त्याच्या हातांत बाटली असते, त्याची मुलगी तोकडा झगा घालते, तो स्वतःला 'हम' म्हणवितो आणि त्याचें अंतःकरण मात्र सोन्याचें असतें. १९७३ च्या 'बॉबी' मधील जॅक ब्रगांझा आणि 'अमर अकबर अँथनी' मधील अँथनी हे याचे नामांकित नमुने. दोघेहि प्रेमळ आहेत. त्यांच्यावर रागावणें कठीण आहे. परंतु माझें बालपण अहमदनगरच्या बाजूला गेलें. माझी आजी नऊवारी लुगडें नेसे, जोंधळ्याची भाकरी थापी, आणि पहांटे जात्यावर बसून रेव्हरंड नारायण वामन टिळकांचीं भजनें म्हणे. आमच्या घरीं दारू कधीं आली नाहीं. लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' आमच्याकडे वाचून वाचून खिळखिळीं झालीं होतीं. तिकडे वसईला पिढ्यान् पिढ्या केळीच्या बागा करणारे आणि स्वतःची बोली जपणारे ख्रिस्ती शेतकरी आहेत. यांपैकीं कोणीहि मला हिंदी पडद्यावर कधीं भेटला नाहीं. महाविद्यालयाच्या वसतिगृहांत माझ्या सोबत्यांनीं पहिल्याच आठवड्यांत मला विचारलें, "तूं ख्रिश्चन, मग इतकें शुद्ध मराठी कसें बोलतोस?" त्यांच्या मनांत द्वेष मुळींच नव्हता. त्यांनीं ख्रिस्ती मनुष्य पाहिला होता तो पडद्यावर, आणि मी त्या चित्राशीं जुळत नव्हतों. त्यांना चूक चित्रांत नसून माझ्यांत आहे असें वाटलें.

या संबंधांत एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. 'अमर अकबर अँथनी' मधील त्या मौजेच्या गाण्यांत जें पूर्ण नांव येतें, तें एका खऱ्या माणसाचें आहे. अँथनी गोन्सालविस हे गोव्यांतील माजोर्डा गांवीं १९२७ सालीं जन्मलेले व्हायोलिनवादक आणि वाद्यवृंदाचे रचनाकार. हिंदी चित्रपटांच्या गाण्यांमागें जो भरदार वाद्यमेळ ऐकूं येतो, तो उभारण्यांत त्यांच्यासारख्या गोमंतकीय वादकांचा मोठा वांटा आहे. कारण स्वरलिपि वाचून शेंपन्नास वादकांनीं एका वेळीं वाजविण्याची विद्या त्यांना लहानपणींच चर्चच्या संगीतशाळांतून मिळालेली असे. गोन्सालविस यांनीं हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मिलाफ करण्यासाठीं १९५८ सालीं मुंबईंत स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. 'अमर अकबर अँथनी'चे संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यापैकीं प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. गुरूंच्या आदरार्थ तें नांव गाण्यांत आलें. गोन्सालविस २०१२ सालीं वारले. शिष्याचा हेतु थोर होता. पण परिणाम पाहा. सबंध देशाला तें नांव पाठ झालें आणि त्या नांवाबरोबर आठवतो तो उंच टोपी घालून प्रचंड अंड्यांतून बाहेर येणारा गमत्या दारूवाला. ज्यानें चित्रपटाला सूर दिले, तो मनुष्य पडद्यामागेंच राहिला.

साच्याचा जाच नटांनाहि होतो. टॉम ऑल्टर हे अमेरिकन मिशनरी आईबापांच्या पोटीं १९५० सालीं मसुरीस जन्मले. पुण्याच्या चित्रपटसंस्थेंत त्यांनीं नाट्याचें शिक्षण घेतलें. त्यांचें उर्दू इतकें अस्सल होतें कीं मौलाना आझादांवरील एकपात्री नाटक ते तासन् तास करीत. परंतु केस सोनेरी आणि कातडी गोरी. म्हणून हिंदी चित्रपटानें त्यांना बहुतेक वेळां इंग्रज अधिकाऱ्याचा गणवेश चढविला. २०१७ सालीं ते निवर्तले, तेव्हांहि पुष्कळांनीं त्यांची आठवण 'चित्रपटांतला इंग्रज' अशीच काढिली. आमचे निळू फुले यांची गोष्ट अशीच. 'सामना' मधील साखरसम्राट आणि अनेक चित्रपटांतील दुष्ट पाटील त्यांनीं असा रंगविला कीं, खेड्यांतील स्त्रिया त्यांना प्रत्यक्ष पाहून बिचकत, असें सांगतात. वास्तविक ते राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांत वाढलेले, सामाजिक चळवळींत मनापासून काम करणारे गृहस्थ होते.

आतांपर्यंत देशांतील माणसांविषयीं लिहिलें. परदेशीयांच्या बाबतींत तर लेखणीला लगामच राहत नाहीं. १९७० च्या 'पूरब और पश्चिम' मध्यें विलायतेंत वाढलेली भारतीय मुलगी सोनेरी केसांचा टोप घालून सिगारेट ओढते, मद्य पिते, आणि भारताच्या मातीला पाय लागल्यावर हळूहळू साडीत येऊन सुधारते. पश्चिम म्हणजे भोग आणि पूर्व म्हणजे त्याग, असा हा सरळ हिशेब. ऐकावयास तो गोड लागतो. परंतु हाच हिशेब दुसऱ्यानें आपल्याविषयीं मांडला तेव्हां आपणांस कसें वाटलें? १९३८ सालीं 'द ड्रम' हा ब्रिटिश चित्रपट आला, तेव्हां त्यांतील हिंदी लोकांचें विकृत चित्र पाहून मुंबईंत निदर्शनें झालीं. पुढल्याच वर्षीं आलेल्या 'गंगा दीन' या अमेरिकन चित्रपटाविरुद्धहि येथें मोठी ओरड झाली. १९८४ च्या 'इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम' या चित्रपटांत तर भारतीय राजाच्या पंक्तीस माकडाचा मेंदू वाढलेला दाखविला आहे. भारत सरकारनें चित्रणास परवानगी नाकारल्यामुळें त्या चित्रपटाचें बाहेरचें चित्रण श्रीलंकेंत करावें लागलें. आपला संताप योग्यच होता. मग ज्या मापानें आपण त्यांना मोजलें, त्याच मापानें स्वतःला मोजावयास आपली तयारी हवी.

कोणी म्हणेल, विनोद म्हणजे विनोद. त्यांत एवढें काय? मलाहि विनोदाचें वावडें नाहीं. परंतु विनोदाच्या दोन जाती आहेत. माणूस काय करितो यावर हंसणें ही एक, आणि माणूस कोण आहे यावर हंसणें ही दुसरी. कंजूष मनुष्याची फजिती पाहून हंसावें. परंतु कंजूष मनुष्य नेहमीं एकाच समाजाचा काढला कीं आपण कंजूषपणास हंसत नसून त्या समाजास हंसूं लागतों.

चित्रपटानें हें कधीं ओळखलेंच नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. प्रभात कंपनीचा 'शेजारी' १९४१ सालीं निघाला. त्याची हिंदी आवृत्ति 'पडोसी'. एक हिंदु व एक मुसलमान अशा दोन जिवलग वृद्ध शेजाऱ्यांमध्यें धरणाच्या कामासाठीं गांवांत आलेले लोक वितुष्ट घालितात, अशी ती कथा. दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनीं मुसलमान मिर्झाची भूमिका गजानन जागीरदार यांना दिली, आणि हिंदी चित्रपटांत हिंदु ठाकुराची भूमिका मझहर खान यांना दिली. म्हणजे हिंदु नट मुसलमान झाला व मुसलमान नट हिंदु झाला. दुसऱ्याचें काम करावयाचें म्हणजे दुसऱ्याच्या घरांत जाऊन बसावें लागतें. १९८१ सालीं अपर्णा सेन यांनीं '३६ चौरंगी लेन' मध्यें कलकत्त्यांतील एका अँग्लोइंडियन वृद्ध शिक्षिकेचें एकाकी जीवन दाखविलें. जेनिफर केंडल यांनीं रंगविलेली ती बाई ना हास्यास्पद आहे, ना देवता. ती शेक्सपिअर शिकविणारी एक थकलेली शिक्षिका आहे. मला ती माझ्या ओळखीची वाटली. २००७ च्या 'चक दे! इंडिया' मध्यें ईशान्येकडील खेळाडू मुलींना आपल्याच देशांत परकें कसें लेखलें जातें, हें उघडपणें दाखविलें आहे. तरी २०१४ सालीं मणिपूरच्या मेरी कोम यांच्या जीवनावर चित्रपट निघाला, तेव्हां त्यांची भूमिका मणिपुरी मुलीला मिळाली नाहीं; ती प्रियांका चोप्रा यांनीं केली. म्हणजे वाट अजून बरीच चालावयाची आहे. आमच्या मराठींत २००४ चा 'श्वास' घ्या. त्यांत ना तमाशा, ना पाटलाचा वाडा. आहेत ते कोंकणांतील एक आजोबा, दृष्टि जाणार असलेला त्यांचा नातू आणि एक डॉक्टर. त्या साध्या गोष्टीला राष्ट्रपतींचें सुवर्णकमळ मिळालें. मराठी चित्रपटाला तो मान 'श्यामची आई' नंतर पन्नास वर्षांनीं लाभला.

मग आपण काय करावें? चित्रपट पाहूं नयेत, असें मी म्हणणार नाहीं. म्हटलें तरी तुम्ही ऐकणार नाहीं, हें मला ठाऊक आहे. चित्रपट पाहून झाल्यावर तीन प्रश्न मात्र स्वतःला विचारावे. पहिला: या माणसाची जात, प्रांत किंवा देश काढून घेतला, तर त्याच्यांत कांहीं उरतें काय? दुसरा: या समाजाचा याहून निराळा मनुष्य मीं पडद्यावर कधीं पाहिला आहे काय? तिसरा: या समाजाचा एक तरी मनुष्य मी प्रत्यक्ष ओळखतों काय, त्याच्या घरीं जेवलों आहें काय? पालकांनीं मुलांसह चित्रपट पाहावा आणि जेवतांना सहज हे प्रश्न काढावे. पडद्यावर अमुक समाजाच्या मनुष्यास पाहून घरांतील वडील माणूस "हे असेच असतात" असें पुटपुटतो, तेव्हां मुलाच्या मनावर चित्रपटाचा नव्हे तर बापाच्या शब्दांचा शिक्का बसतो.

त्या नाट्यप्रवेशाचें पुढें काय झालें तें सांगून हा लेख संपवितों. मीं वर्गाची व त्या मुलाची क्षमा मागितली. मग मुलांना एक काम दिलें. प्रत्येकानें आपल्या वर्गांतील, पण आपल्याहून निराळ्या समाजाच्या एका मुलाच्या घरीं जावें, तेथें अर्धा तास बसावें, आणि चित्रपटांत न दिसलेल्या तीन गोष्टी लिहून आणाव्या. वह्या जमा झाल्या. एकीनें लिहिलें होतें कीं, तिच्या मारवाडी मैत्रिणीचे आजोबा दररोज पक्ष्यांना दाणे घालितात व गल्लींतल्या मुलांच्या शाळेच्या फीची तजवीज करितात. दुसऱ्यानें लिहिलें होतें कीं, तमिळ मित्राच्या घरीं 'अय्यो' हा शब्द एकदांच ऐकूं आला, आणि तो त्याच्या हातून पेला फुटल्यावर. नेपाळी मुलाच्या घरीं गेलेल्या मुलानें लिहिलें होतें कीं, त्याचे वडील दिवसां झोपतात म्हणून सर्वजण हळू बोलतात, आणि भिंतीवर त्यांच्या गांवाचें चित्र आहे. पाठीमागें बर्फाचे डोंगर आहेत.

प्रवेश नव्यानें लिहिला गेला. तो पहिल्याइतका हंसविणारा झाला नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. दोन ठिकाणीं तर प्रेक्षकांना हंसावें कीं नाहीं तेंच कळेना. पहारेकऱ्याचें काम एका गुजराती मुलानें केलें आणि त्या पात्राला पूर्ण नांव होतें. आमचा नेपाळी विद्यार्थी चाळीचा मालक झाला होता व भाडें थकल्याबद्दल सर्वांवर मनसोक्त ओरडत होता. त्याचे वडील मागच्या रांगेंत उभे होते. त्यांना पहाऱ्यावर जावयाचें होतें, म्हणून प्रवेश संपतांच ते निघाले. फाटकाशीं मीं त्यांना गांठलें आणि प्रथमच त्यांच्या स्वतःच्या नांवानें हांक मारली.